रीमुर रचणारी स्टेइनुन : गोष्ट उसनी असेल तर कवीचं स्वतःचं काय?

मृण्मयी_ल

नमस्कार मंडळी. आइसलँडच्या रीमुर काव्याबद्दल बरेच दिवस वाचते आहे. वाचता वाचता एका बाईपाशी येऊन थांबले आणि आता पुढे सरकवत नाही, म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रीमुर म्हणजे लांबलचक कथाकाव्य, सूर लावून म्हणायचं. एका भागाला रीमा म्हणतात, अनेक भाग मिळून रीमुर. सर्वांत जुनी रीमा संत ओलाफ राजावर आहे, एनार गिल्सन नावाच्या कवीची, चौदाव्या शतकातली. तिथपासून विसाव्या शतकापर्यंत ही परंपरा अखंड चालली. विषय बहुतेक वेळा तयार असतो. एखादी सागा (जुनी गद्य वीरकथा) घ्यायची, नाहीतर परदेशी राजपुत्राची गोष्ट घ्यायची आणि ती वृत्तात बसवायची.

माझी कवयित्री स्टेइनुन फिन्सदोत्तिर. जन्म साधारण १६४० चा. तरुणपणी ती स्काउल्होल्तच्या बिशपच्या घरी कामाला होती, पुढे मेलास्वेइत भागातल्या होपन नावाच्या शेतावर राहिली. तिच्या दोन रचना उरल्या आहेत, ‘हिंद्लु रीमुर’ आणि ‘स्न्याइकोंग्स रीमुर’. शिवाय सागांमधल्या वीरांची नावं ओवलेलं एक काव्य. बऱ्यापैकी संख्येनं रचना टिकलेली पहिली आइसलँडिक कवयित्री म्हणून तिचं नाव घेतात. पण नाव घेतात म्हणजे तेवढंच, पुढे कुणी बोलत नाही. तिच्या रीमुर छापून आल्या त्या थेट १९५० मध्ये.

प्रश्न असा : गोष्ट जुनी, वृत्त जुनं, उपमासुद्धा ठरलेल्या. मग यात स्टेइनुन कुठे आहे?

चकवा

विषय एकदम नवा आहे माझ्यासाठी. जागा धरून ठेवतो. रीमुर म्हणजे आपलं ‘ऱ्हाइम’च का?

मृण्मयी_ल

हो, त्याच कुळातला शब्द. पण यमकापेक्षा त्यांचा जीव अनुप्रासात जास्त आहे. त्यावर कुणीतरी जाणकारांनी लिहा, माझं घोडं अजून तिथेच अडतं.

पडवी

मी या वाटेला आलो ‘सिगुर रोस’ या आइसलँडच्या बँडमुळे. २००१ मध्ये त्यांनी स्तेइन्दोर आंदर्सन या म्हणणाऱ्याबरोबर ‘रीमुर’ नावाची छोटी तबकडी काढली होती. स्तेइन्दोर मासेमारी करणारा माणूस. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, हे गाणं नाही आणि वाचनही नाही. आवाज एका ठरावीक पट्टीत चालत राहतो आणि कडव्याच्या शेवटी शेवटचा स्वर लांबवतो, जणू दोर सैल सोडतोय. त्या लांबवण्याला त्यांच्याकडे वेगळं नावच आहे. अर्थ एका अक्षराचा कळत नव्हता, तरी रात्री दोन वाजेपर्यंत ऐकत बसलो होतो.

सातबारा

विरोधी मत मांडतो, राग नसावा.

मी भाषांतरातून दोनतीन रीमुर चिकाटीनं वाचल्या. फार दमलो. ‘बाई’ म्हणायचं तर ‘सोन्याचं झाड’ म्हणायचं. ‘सोनं’ म्हणायचं तर ‘समुद्राचा विस्तव’. मग बाई झाली ‘समुद्राच्या विस्तवाची देवता’. ओळीत दोन अक्षरं कमी पडली की अशी एक उपमा ठोकायची. हे मी म्हणत नाही, त्यांचाच मोठा कवी योनास हालग्रिम्सन म्हणून गेलाय. १८३७ मध्ये ‘फ्योल्निर’ या नियतकालिकात त्यानं सिगुर्दुर ब्रेइदफ्योर्दच्या एका रीमुरची चिरफाड केली. त्याच्या म्हणण्याचा आशय असा की आजवर ज्या पद्धतीनं रीमुर रचल्या गेल्या त्या बहुतेक सगळ्या राष्ट्राला खाली पाहायला लावणाऱ्या आहेत. योनासचा जन्मदिवस, १६ नोव्हेंबर, आज आइसलँडमध्ये भाषादिन म्हणून साजरा होतो. एवढा माणूस उगाच बोलेल का?

मृण्मयीताईंच्या प्रश्नाला माझं उत्तर : कवी त्यात नाहीच. आहे तो कारागीर.

गोदाकाठ

सातबारा, मत प्रामाणिक आहे, पण तुम्ही रीमुर *वाचल्यात*. घोटाळा तिथेच झालाय.

ती ऐकणारी माणसं कशी बसलेली असायची ते डोळ्यांसमोर आणा. गवताळ मातीच्या ढेपांनी बांधलेलं घर. त्यात एक लांबट खोली, बादस्तोवा. दोन्ही भिंतींना खाटा लावलेल्या, त्याच खाटांवर झोपायचं, जेवायचं आणि काम करायचं. हिवाळ्यात दिवस जेमतेम चारपाच तासांचा. अंधार पडला की माशाच्या तेलाचा दिवा लावून सगळं घर लोकरीला भिडायचं. कुणी पिंजतंय, कुणी कातणीवर बसलंय, कुणी विणतंय. या बैठकीला क्वोल्दवाका म्हणतात, सांजेचं जागरण. एक जण दिव्याजवळ बसून वाचतो किंवा रीमुर म्हणतो, बाकीच्यांचे हात चालू. चांगला म्हणणारा असेल तर तो शेतावरून शेतावर फिरायचा, दोन रात्री इथे, चार तिथे. त्याचं खाणंपिणं त्यावर.

अशा ठिकाणी कान अर्धा कामात असतो. प्रत्येक शब्द नवा आणि घट्ट असेल तर ऐकणारा मागे पडेल. ‘समुद्राच्या विस्तवाची देवता’ येते तेव्हा ऐकणाऱ्याला क्षणभर उसंत मिळते, आणि कोडं सोडवल्याचा आनंदही. तुमच्या डोळ्याला जी भरताड वाटते, ती त्यांच्या कानाला विसाव्याची जागा होती. योनास कोपनहेगनमध्ये राहणारा, कागदावर वाचणारा. त्याच्या बाजूनं तो बरोबर होता, पण तो दुसऱ्याच काव्याचा न्याय करत होता.

नंदू_माळी

+१ गोदाकाठ. ‘कान अर्धा कामात’ हे पटलं. आमच्याकडे आजी विड्या वळताना रेडिओ ऐकायची. मधली दोन वाक्यं सुटली तरी तिची गोष्ट कधी सुटली नाही.

सातबारा

मान्य, ऐकण्याचा मुद्दा वजनदार आहे. पण ब्रेइदफ्योर्दचं काय? योनासच्या त्या टीकेत त्याची कीर्ती बुडालीच ना?

गोदाकाठ

उलट. त्याच्या सगळ्यांत लोकप्रिय ‘नूमा रीमुर’ टीकेच्या दोनच वर्षं आधी, १८३५ मध्ये छापल्या गेल्या होत्या आणि लोक त्या नंतरही म्हणत राहिले. तो पेशानं पिंपं बनवणारा. कामासाठी ग्रीनलँडला गेला, तिथे राहून त्यानं रोमच्या नूमा राजावर रीमुर रचल्या, त्याही फ्लोरियान या फ्रेंच लेखकाच्या कादंबरीवरून. फ्रेंच माणसानं लिहिलेला रोमन राजा, ग्रीनलँडच्या बर्फात बसून आइसलँडिक वृत्तात उतरवलेला! मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा नकाशा काढून बसलो होतो.

आणि एक गोष्ट मनाला लागते. योनास १८४५ मध्ये कोपनहेगनमध्ये वारला, जिन्यावरून पडून पाय मोडल्याचं निमित्त झालं, वय सदतीस. ब्रेइदफ्योर्द पुढच्याच वर्षी रेक्याविकमध्ये वारला, गोवराच्या साथीत, पार कंगाल अवस्थेत. टीकाकार आणि कवी एका वर्षाच्या अंतरानं गेले.

पारिजात

वर मृण्मयीनं अनुप्रासाचं विचारलंय, तो भाग मी घेते. छंदशास्त्र हा माझा जिव्हाळ्याचा विषय.

सगळ्यांत चालणारं वृत्त फेरस्केइत, चार ओळींचं. पहिली आणि तिसरी ओळ सात अक्षरांची (उच्चारातली अक्षरं मोजायची, लिहिलेली नाहीत), दुसरी आणि चौथी सहाची. चाल ‘ठाम-हलकं, ठाम-हलकं’ अशी. यमक एकाआड एक. इथवर सोपं आहे.

आता खरी मेख. पहिल्या ओळीत दोन ठाम अक्षरं एकाच व्यंजनानं सुरू व्हायला हवीत, आणि त्यातलं एक तिसऱ्या गणात, म्हणजे ‘ठाम-हलकं’च्या तिसऱ्या जोडीत, पडलंच पाहिजे. या दोघांना ‘स्तुद्लार’ म्हणतात, म्हणजे टेकू. दुसऱ्या ओळीचं पहिलंच ठाम अक्षर पुन्हा त्याच व्यंजनाचं. ते ‘होवुदस्तावुर’, मुख्य अक्षर. तिसऱ्या-चौथ्या ओळीत हाच खेळ नव्या अक्षरावर. स्वर असतील तर कुठलाही स्वर कुठल्याही स्वराशी जुळतो. पण ‘स्ट’ला मात्र ‘स्ट’च लागतो, नुसता ‘स’ चालत नाही.

काल रात्री मराठीत करून पाहिलं :

लोकर पिंजत लांबली रात,
लुकलुक दिवा जळतो;
कोणी सांगत कथा आत,
काळा वारा वळतो.

लो, लां, मग लु. को, क, मग का. मोठ्यानं म्हणून बघा, दुसऱ्या ओळीचा ‘लु’ आला की पहिली ओळ खुंटीला बांधल्यासारखी होते.

चकवा

अहाहा. ‘काळा वारा वळतो’!! मी तीनदा म्हटलं, तिसऱ्यांदा बायको स्वयंपाकघरातून विचारायला आली काय चाललंय म्हणून. तिलाही ऐकवलं.

नंदू_माळी

पारिजातताई, ‘वारा वळतो’ मध्ये पण व-व आलं की. ते चालतं?

पारिजात

नंदू, छान पकडलंस. कडक माणूस म्हणेल की मुख्य अक्षराशिवाय दुसरा अनुप्रास त्या ओळीत नको, कान फसतो. मी मोहात पडले. राहू दे, वारा आहे, वळणारच.

एक शेवटची गंमत. ‘स्लेत्तुबोन्द’ नावाचा प्रकार आहे, कडवं शेवटच्या शब्दापासून उलटं वाचलं तरी वृत्त, यमक, अनुप्रास सगळं जागच्या जागी राहतं. त्यातलं एक कडवं प्रसिद्ध आहे : सरळ वाचलं तर ‘हा न्याय तोलून करतो, सत्य कधी वाकवत नाही, कपटावर कधी प्रेम करत नाही’. उलटं वाचलं तर तेच शब्द म्हणतात, ‘याचं कपटावर प्रेम आहे, हा सत्य वाकवतो, न्याय कधी तोलत नाही’. एक शब्दही इकडचा तिकडे नाही, फक्त ‘कधीच नाही’ दुसऱ्याच क्रियापदाला जाऊन चिकटतो.

पडवी

हे वाचून उठून उभा राहिलो.

सातबारा

या कडव्यापुढे मी निरुत्तर आहे. कारागीर शब्द मी हलकेपणानं वापरला होता, तो हलकेपणा मागे घेतो. शब्द राहू दे.

अबोली७

थोडं वेगळं. धर्माचे लोक या काव्यावर चिडून होते असं वाचल्याचं आठवतं, खरं आहे का?

गोदाकाठ

खरं आहे. होलारचे बिशप गुदब्रांदुर थोरलाउक्सन यांनी १५८९ च्या स्तोत्रसंग्रहाच्या प्रस्तावनेत राक्षस-वीरांच्या रीमुरवर चांगलंच तोंडसुख घेतलं. मग १६१२ मध्ये स्वतःच एक पद्यसंग्रह काढला, त्यात बायबलातल्या गोष्टींवरच्या रीमुर घातल्या. म्हणजे लोकांची आवड काही सुटत नाही, तर निदान विषय तरी आपला देऊ. १७४६ मध्ये डेन्मार्कच्या राजानं घरातल्या शिस्तीबद्दल फर्मान काढलं, त्यातही असल्या गोष्टी आणि रीमुरवर बंदीची भाषा आहे. लोक म्हणत राहिले.

आणि चिडावं असं त्यात होतंही! ‘स्कीदा रीमा’ शोधून वाचा, पंधराव्या शतकातली मानतात. स्कीदी नावाच्या भिकाऱ्याला स्वप्न पडतं, ‘थोर’ नावाचा जुना देव त्याला देवांचा राजा ओदिन याच्या महालात नेतो. मोठा मान मिळतो, लग्नाची बोलणीसुद्धा होतात. आणि हा सवयीनं क्रुसाची खूण करतो. झालं! देव आणि जुने वीर सगळे एकमेकांवर तुटून पडतात आणि भिकाऱ्याला मार बसतो.

चकवा

स्वर्गात जाऊन मार खाल्ला, बिचारा.

हिमगौरी

उशिरा आले, क्षमस्व. मी रेक्याविकमध्ये सहा वर्षं राहते आहे. धागा बघून कामावरून आल्या आल्या लिहायला बसले.

इथे ‘इदुन’ नावाचं रीमुर म्हणणाऱ्यांचं मंडळ आहे, १९२९ मध्ये स्थापन झालेलं. तेव्हा खेड्यातली माणसं शहरात येऊन राहिली होती, बादस्तोवा मागे सुटली, आणि चाली विसरल्या जातील ही भीती त्यांना वाटली. १९३५-३६ मध्ये त्यांनी चाली ‘चांदीच्या तबकड्या’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तबकड्यांवर ध्वनिमुद्रित करून घेतल्या. त्यातल्या दोनशे चाली २००४ मध्ये पुस्तक आणि सीडी अशा रूपात बाहेर आल्या. त्यात बायकांचे आवाजही आहेत. म्हणणाऱ्या पुरुषाला क्वाइदामादुर म्हणतात, बाईला क्वाइदाकोना.

मी एका बैठकीला गेले होते. शेजारच्या आजीनं विणकाम आणलं होतं! म्हणणारा उभा राहिला, ओळखीचं कडवं आलं की शेवटच्या ओळीला सगळे सूर धरायचे. मला शब्द येत नव्हते पण शेवटचा लांबवलेला स्वर धरता आला. आजीनं सुया न थांबवता माझ्याकडे बघून मान हलवली. परदेशात मी कुठल्याही खोलीत इतकी आपलेपणानं बसले नव्हते.

आता मृण्मयी, तुझा मूळ प्रश्न. तो सगळ्यांनी मागे टाकलाय म्हणून परत आणते. प्रत्येक रीमेच्या सुरुवातीला गोष्टीबाहेरची काही कडवी असतात, त्यांना मानसोंगुर म्हणतात. मूळ अर्थ स्त्रीला उद्देशून म्हटलेलं प्रेमगीत. तिथे कवी गोष्ट बाजूला ठेवून स्वतःचं बोलतो. म्हातारा झालो, कुणी विचारत नाही, थंडी फार आहे, बायांनो माझी कविता गोड मानून घ्या. आणि एक ठरलेली तक्रार असते : ‘माझी बुटक्यांची नाव गळकी आहे.’ बुटक्यांची नाव म्हणजे कविता. पुराणकथेत दोन बुटक्यांना एक राक्षस भर समुद्रात खडकावर सोडून देतो, भरतीचं पाणी चढायला लागतं, तेव्हा ते काव्याचं मद्य देऊन सुटका करून घेतात. कवितेनं त्यांना पाण्यातून तारलं, म्हणून ती त्यांची नाव.

विचार कर, हा साचा पुरुषाचा आहे, समोरच्या बाईला उद्देशून. त्या जागी स्टेइनुन उभी राहते तेव्हा बोलणारीच बाई आहे. साचा तोच ठेवला तरी अर्थ तोच राहू शकत नाही.

मृण्मयी_ल

हिमगौरी, हेच मला शब्दांत धरता येत नव्हतं. विणणाऱ्या आजीचं वाचून डोळ्यांत पाणी आलं.

यात माझं एक जोडते. स्टेइनुननं गोष्टी कुठल्या निवडल्या बघा. बहुतेक रीमुर पुस्तकी सागांवरून, लढाया आणि राजपुत्र. हिच्या दोन्ही रीमुर तोंडी चालत आलेल्या जुन्या कथागीतांवरून आहेत, शापानं रूप पालटलेल्या माणसांच्या. ‘हिंद्ला’ म्हणजे छोटी कुत्री. ‘स्न्याइकोंग’ म्हणजे बर्फाचा राजा. आणि स्न्याइकोंग्स रीमुरमध्ये तर शापामुळे एक राणी माणसांच्या जगात *राजा* म्हणून, पुरुष म्हणून जगते. स्टेइनुननं ही गोष्ट रचली नाही, उचलली. पण इतक्या गोष्टींतून हीच का उचलली?

ती ज्या बिशपच्या घरी कामाला होती त्या ब्रिन्योल्वुर स्वेइन्सनकडे १६४३ मध्ये एड्डा काव्याचं, म्हणजे जुन्या देव-वीरांवरच्या कवितांचं, प्रसिद्ध हस्तलिखित आलं होतं. १६६२ मध्ये त्यांनी ते डेन्मार्कच्या राजाला भेट पाठवलं आणि १९७१ मध्ये ते परत आलं तेव्हा रेक्याविकच्या धक्क्यावर लोकांची झुंबड उडाली होती. स्वयंपाकघरात, लोकरीच्या खोलीत बायका जी गाणी म्हणत होत्या त्यांच्यासाठी कोण धक्क्यावर जाणार? ती स्टेइनुननं वृत्तात बांधून ठेवली.

सातबारा

मृण्मयीताई, निवडीचा मुद्दा मला सगळ्यांत जास्त पटला. रचली नाही, उचलली, आणि तरी तिची. मी त्या १९५० च्या आवृत्तीच्या मागावर निघतो. भाषा येत नसली तरी मोजून अनुप्रास तरी शोधता येतील, पारिजातताईंनी आता शिकवलंच आहे.

अबोली७

सातबारा, मिळाली तर इथे सांगा. मीही बसेन मोजायला.

नंदू_माळी

हिमगौरीताई, ती मान हलवणारी आजी काय विणत होती?

हिमगौरी

लोपी लोकरीचा स्वेटर, नातवासाठी. गळ्याभोवतीची गोल नक्षी चालू होती. मध्येच टाके मोजताना तिचे ओठ हलायचे, आणि मला कळेना टाके मोजतेय की कडवं म्हणतेय.

मृण्मयी_ल

पारिजातचे नियम समोर ठेवून एक कडवं स्टेइनुनसाठी केलं. पहिल्या जोडीला स्वरांचा अनुप्रास घेतलाय, दुसरीला न.

आहे गोष्ट उसनी ही,
ओठच माझे गाती;
नौका गळकी, नाखवा मी,
निघते काळ्या राती.

पारिजात

आ, उ, ओ. नौ, ना, नि. सगळं जागच्या जागी! फक्त ‘नाखवा मी’ आणि पुढे ‘निघते’? लिंग चुकलंय का?

मृण्मयी_ल

नाही गं, मुद्दाम. बर्फाचा राजाही तसाच होता ना.